दुखत नव्हता तो हात

माझा उजवा हात भाजला तेव्हा तो दुखत नव्हता. ही गोष्ट मी आजवर भेटेल त्याला सांगत आलो आहे, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा दर वेळी तसाच होतो: नशीबवान म्हणायचा की हा. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, म्हणून तर हे लिहायला बसलो. कुणाच्या घरात कधी कुणी भाजलं, चुलीवर, बंबावर, गुऱ्हाळात, कुठेही, तर ओरडणाऱ्याला सांभाळाच, पण जो गप्प बसलाय त्याला आधी दवाखान्यात न्या. एवढं वाचून कुणी कागद मिटला तरी माझी तक्रार नाही.

मी कंपोझिटर. म्हणजे होतो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात उभ्याने खिळे जुळवायचं काम करायचो. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ बसवायची धातूची छोटी चौकट, धरायची, उजव्या हाताने समोरच्या खणांतून एकेक अक्षराचा खिळा उचलून तिच्यात लावायचा, आणि नजर सगळा वेळ मजकुरावर. खिळ्याकडे बघायला सवड नसते. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक बारीक खाच असते. ती बोटाला लागली की खिळा सुलटा आहे की उलटा ते कळतं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, दहाव्याची कार्डं, पेठेतल्या निम्म्या लोकांचं सुखदुःख ह्या बोटांखालून गेलं. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, एवढ्यावर माझं घर चालायचं. घरात आई, बायको सुमन आणि तीन वर्षांची मंगल.

पहिली काहील

आणीबाणी उठल्यानंतरचा हंगाम होता. माझी सासुरवाडी कसबा बावड्याची. जवळ साखर कारखाना असूनही सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, आपलं गुऱ्हाळ मोडलं नव्हतं. कारखान्याला ऊस घालणाऱ्याला ते ऊस विकणारा म्हणायचे, शेतकरी म्हणायचे नाहीत. त्यांच्या घरात एक रीत होती. हंगामातली पहिली काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, चुलवाणावरून उतरवताना जावयाने तिच्या कडीला हात लावायचा. वजन बाकीचे उचलतात, जावयाचा फक्त हात. ही रीत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. मी पेठेतला माणूस, ऊस फक्त सोलून खायचा ठाऊक, पण मान मिळतोय म्हटल्यावर नव्या चपला घालून, केस विंचरून गेलो.

सकाळपासून रस उकळत होता. नारळ फोडला, काहिलीला कुंकू लावलं. दुपारी गुळव्याने पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत फिरवून बघितली आणि उतरवा म्हणाला. सात-आठ जणांनी बांबू घालून काहील उचलली आणि शेजारच्या वाफ्यात, म्हणजे गूळ निवायला घालतात त्या उथळ चौकोनी हौदात, ओतली. उचलताना मी कडीला फडकं धरून हात लावला होता. सगळे हसले. मामा म्हणाले, झालं पावणं, आता लांब सरा. इथवर सगळं ठीक होतं. मी लांब सरलो ते मागे न बघता. रसावरची काढलेली मळी तिथे सांडलेली होती. नवी चप्पल तिच्यावर पडली आणि मी आडवा झालो. माणूस पडताना हात पुढे करतो. माझा उजवा हात मनगटापर्यंत वाफ्यात गेला.

उकळतं पाणी अंगावर पडलं तर ते निथळून तरी जातं. गूळ निथळत नाही. मेव्हण्याने, तानाजीने, मला बगलेत धरून मागे ओढलं तेव्हा हाताला गुळाचा जाड थर बसला होता आणि त्यातून वाफ येत होती. कोपराखाली, दंडावर, मानेवर थेंब उडाले होते. तिथे जी आग लागली ती शब्दांत बसणार नाही. मी गुरासारखा ओरडलो. तानाजी पाण्याची घागर घेऊन धावला. मामांनी त्याचा दंड धरला.

"पाणी नगं. फोड धरंल."

आमच्या भागात ही समजूत अजून आहे. भाजल्यावर पाणी घालायचं नाही, फोड येतात. मामांनी मुद्दाम वाईट केलं असं मी कधीच म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. कोपराखाली चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल घोटून लावलं. आणि हाताचं काय, तर गुऱ्हाळातली माणसं रोजच कुठे ना कुठे चटके खातात, त्यांचा एक ठरलेला उपाय होता. अंगावर पाकाचा थेंब पडला तर तो ओरबाडायचा नाही. वाळून आपणहून सुटू द्यायचा, खाली नवी कातडी तयार असते. थेंबाला हे चालतंही. त्यांनी ते माझ्या अख्ख्या हाताला लावलं, आणि मी लावू दिलं. कारण हात दुखतच नव्हता. मामांनी पुन्हा पुन्हा विचारलं, पावणं, हात दुखतोय का? मी प्रत्येक वेळी नाही म्हणालो. मग ते म्हणाले, "मग हात वाचला. देवानं राखलं." बायकांनी देवापुढे दिवा लावला. मी डाव्या हाताने जेवलोसुद्धा. पुरणपोळी होती.

आई घर डोक्यावर घेईल म्हणून दोन दिवस बावड्यातच राहिलो. हाताचं गुळाचं कवच थंड होऊन दगडासारखं झालं होतं. मंगल त्यावर टिचकी मारून आवाज काढायची. तिसऱ्या दिवशी ताप भरला. गुळाच्या वासाखाली दुसरा एक वास यायला लागला. सुमनने हात नाकाजवळ नेला, उठली आणि तानाजीला जीप मागून आणायला सांगितली. मामा म्हणाले, आजचा दिवस थांब, आपणहून सुटंल. ती म्हणाली, "मी इचारत न्हाय आबा, सांगतोय." आपल्या बापाला ती असं बोललेली मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

टाचणी

सरकारी दवाखान्यात त्यांनी माझा हात कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवला. गूळ विरघळायला बराच वेळ लागला. पाणी आधी पिवळं, मग तांबडं झालं. सिस्टर म्हणाल्या, तिकडे बघू नका. मी बघितलं. खालून जो हात निघाला तो माझा वाटेना. त्यावर फोड नव्हते. लाल नव्हता. पांढुरका, मळकट आणि ताठ होता, चपला करायच्या आधीचं कमावलेलं कातडं असतं तसा. फोड नाहीत म्हणून मी मनात मामांना शाबासकी दिली. खरंच दिली, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर मध्यमवयीन, हळू बोलणारे होते. त्यांनी टाचणी घेतली. कोपराखाली नुसती टेकवली तर मी कळवळलो. मग मनगटाच्या खाली, हाताच्या पाठीवर, एकेका बोटावर ती टोचत गेले आणि विचारत गेले, लागतं का. मी नाही म्हणत गेलो. शाळेत पाढे बिनचूक म्हणणारं पोर ज्या तोऱ्यात म्हणतं, त्या तोऱ्यात. शेवटी त्यांनी टाचणी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता सुमनला बाहेर यायला सांगितलं. रोग्याला सोडून नातेवाइकाला बाहेर बोलावतात तेव्हा काय समजायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझा तोरा तिथेच उतरला.

ती बऱ्याच वेळाने आत आली. डोळे कोरडे होते. डॉक्टरांनी तिला कातडीचे थर समजावले होते, कागदावर रेघा मारून. तिने ते मला तिच्या पद्धतीने सांगितलं.

"वरनं नुसतं पाचट जळलं तर ऊस हिरवाच ऱ्हातोय. उन्हानं कातडी लाल हुती तसं. आणि जरा आत जळलं तरी बुडखा जित्ता असला की त्यातनंच परत खोडवा फुटतोय. तुमच्या कोपराखाली तसं हाय. फोड येतील, आग हुईल, पण आपणहून भरंल. हाताचा बुडखाच जळलाय. दुखायला लागतंय ते बी त्यातच असतंय, ते बी जळलंय. म्हणून दुखत न्हाय."

मी विचारलं, मग?

"नवी लावण करायला पायजे."

"आणि बियाणं?"

"तुमच्या मांडीचं," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघायला लागली.

पुढचं तिने नंतर, तुकड्या-तुकड्याने सांगितलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेल्यातच जमा होतं. तळव्याची कातडी मुळात जाड, म्हणून तिथे मधोमध थोडी जगली होती. बाकी हातावरचं मेलेलं काढून मांडीची कातडी लावून बघता येईल. पण ताप उतरला नाही, विष वर चढायला लागलं, तर मनगटापासून हात काढावा लागेल. मी छताकडे बघत माझ्या तीन बोटांचा विचार करत होतो. 

ट्रॉली

वॉर्डात दिवस ट्रॉलीने सुरू व्हायचा. तिचं एक चाक कुरकुरायचं. तो आवाज दाराशी आला की सगळे रोगी बोलायचे थांबायचे. ड्रेसिंगची ट्रॉली. सिस्टर मिरजेच्या होत्या, गळ्यात क्रॉस, हाताला भलत्या हलक्या. पण चिकटलेली पट्टी ती शेवटी चिकटलेलीच. कोपराखालची पट्टी निघताना मी दातावर दात आवळायचो. हाताची पट्टी मात्र निघाली तरी मला कळायचं नाही. एकाच माणसाला एकाच खाटेवर हे दोन्ही. कोपराखाली तो जिवंत होता, मनगटाच्या पुढे नव्हता.

शेजारच्या खाटेवर आजऱ्याचा गोविंद होता. काजूच्या कारखान्यात कामाला. काजूच्या टरफलातलं तेल अंगावर पडलं की कातडी खातं, आणि त्याच्या तोंडावर, छातीवर ते पडलं होतं. तो ट्रॉली दिसायच्या आधीच ओरडायला लागायचा. देवाला, सरकारला, मुकादमाला, सगळ्यांना शिव्या. डॉक्टर त्याला तपासायचे आणि समाधानाने मान हलवायचे. मग माझ्या खाटेशी यायचे, मी शहाण्यासारखा गप्प असायचो, आणि त्यांचा चेहरा पडायचा. मला गोविंदच्या ओरडण्याचा हेवा वाटायचा. माणसाला कशाचाही हेवा वाटू शकतो. बघता बघता त्याच्या तोंडावर गुलाबी, लहान मुलाच्या टाचेसारखी नवी कातडी आली आणि तो घरी गेला. जाताना म्हणाला, "मास्तर, तुमी एकदा तरी वरडा की. मला बरं वाटंल." सगळे मला मास्तर म्हणायचे, मी जाड चष्मा लावायचो म्हणून.

बायकांचा वॉर्ड भिंतीपलीकडे होता. तिथे स्टोव्हने भाजलेल्या बाया यायच्या. त्यांचं काय व्हायचं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच लिहितो की त्यातल्या काही पहिल्या दिवशी शांतपणे बोलायच्या, पाणी मागायच्या, दुखत नाही म्हणायच्या, आणि नातेवाईक आशेने प्रसाद वाटायचे. सिस्टर तो प्रसाद हातात घेऊन तशाच उभ्या राहायच्या. आता मला त्याचा अर्थ कळत होता.

भेटायला येणारे

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे सोयरीक तोडणं. बावड्याहून माणसं यायला लागली. चुलत, मावस, भावकी, शेजारी, ज्याच्या शेतातून मामांचा पाट जातो तोही. येताना भाकरी, पिठलं, दह्याचं गाडगं. आणि उभं राहून बोलणं त्यांना माहीतच नाही. खाटेवर ऐसपैस बसायचे, माझा पट्टीचा हात मांडीवर घेऊन गोंजारायचे, पट्टीखाली काय झालंय ते एका बाजूने उचलून बघायचे. नाही म्हटलं तर माणूस शहरी झाला असं म्हणायचे. एक दिवस डॉक्टरांनी हे पाहिलं. भाजलेल्या जागेला दार नसतं, कुणीही आत शिरतं, असं काहीतरी त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांना बंदी केली. जखमेत पू झाला होताच. बावड्यात मात्र बातमी गेली की पेठेतल्या लोकांनी सोयऱ्यांना हाकललं.

मामा त्या गर्दीत कधीच नसायचे. ते यायचे, पण व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभे राहायचे. आत यायला कुणी सांगितलं नाही आणि ते आले नाहीत. सुमन बाहेर जाऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. एकदा मी मान वळवून बघितलं तर ते फेटा हातात घेऊन नुसते उभे होते. मी हाक मारायला हवी होती. माझ्या मनात तेव्हा राग होता, लाजही होती, आणि मी मान परत वळवली.

आणि आई. आई रोज दुपारी डबा घेऊन यायची. मंगलला तिच्यापाशी ठेवलं होतं. पहिले काही दिवस ती नुसतीच रडली. मग एक दिवस डबा उघडता उघडता, सुमनकडे पाठ करून, म्हणाली, "तुझ्या म्हायारानं माझ्या लेकराचा हात खाल्ला." आवाज चढवला नाही. त्यानेच ते जास्त लागलं. सुमनने ताटली धुतली, पुसली, माझ्यापुढे ठेवली. त्यानंतर ती माहेरी गेली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तिला कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं. मी मधे पडायला हवं होतं म्हणाल तर ते बरोबर आहे. पण आजारी माणसाला एक सवलत असते, डोळे मिटून पडायची. ती मी मनसोक्त वापरली.

छापखान्याचे मालक अण्णा मोसंबी घेऊन आले. बराच वेळ पट्टीकडे बघत बसले आणि सवयीने विचारून गेले, कधी येतोस कामावर? विचारल्यावर त्यांचे कान लाल झाले. जागा ठेवतो तुझी, म्हणाले. लग्नसराई तोंडावर होती. रिकामी जागा ठेवून छापखाना चालत नाही हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं.

लावण

ताप उतरला. हात काढायचा नाही असं ठरलं, दोन बोटं काढायची आणि बाकी हातावर कातडी लावायची असं ठरलं. त्याआधी कागदावर सही हवी होती. उजवा हात पट्टीत. डाव्याने पेन धरला तर वेडीवाकडी रेघ उमटली. शेवटी वॉर्डबॉयने शाईचं पॅड पुढे केलं. अर्ध्या कोल्हापूरची नावं ज्याने खिळ्यांत जुळवली, त्याने स्वतःच्या नावापुढे डाव्या हाताचा अंगठा उठवला. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. बोटं जाणार म्हणून नव्हे, त्या अंगठ्यामुळे.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तो मांडीच्या आगीने. मांडीवरून कातडीचा वरचा पातळ थर काढला होता, खालचं मूळ तसंच ठेवून, म्हणजे ती आपणहून भरेल. ती जी आग होती तिच्यापुढे कोपराखालची काहीच नाही. गोविंद असता तर खूश झाला असता, इतका मी ओरडलो. सुमन शेजारी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होती. मी तिला म्हणालो, दुखतंय गं. ती म्हणाली, दुखू दे. तिच्या तोंडावर किती दिवसांनी हसू बघितलं.

मग हाताची पट्टी उघडायची वाट बघणं. ह्यासारखं वाईट काही नाही. लावलेली कातडी रुजली की नाही हे पट्टी उघडल्याशिवाय कळत नाही, आणि लवकर उघडली तर रुजलेलीही निघते. आत काय चाललंय त्याची हाताकडून काहीच खबर नाही. मी वास घेत राहायचो. वॉर्डातला प्रत्येक वास मला माझ्याच हातातून येतोय असं वाटायचं.

उघडण्याच्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. त्यांनी शेवटची जाळी पाणी मारमारून इतक्या हळू सोडवली की मी त्यांच्या कपाळावरचा घाम बघत राहिलो. हाताच्या पाठीवरची रुजली होती. जांभळट, ओबडधोबड, पण रुजलेली. मधल्या बोटावरची आणि अंगठ्याच्या बुडाची मात्र पट्टीबरोबर सुटून आली, भिजलेल्या कागदासारखी. तिथे पुन्हा लावायला लागली. दुसऱ्या मांडीचं बियाणं घेतलं. दुसऱ्या वेळी लागली. मी विचारलं, आता खिळा धरता येईल? डॉक्टर म्हणाले, धरता येईल, बोटं हलवत राहिलात तर. पण कातडी लावता येते, तिच्या आतलं सगळं लावता येत नाही. थोडं कळायला लागेल कदाचित, वर्षा-दोन वर्षांनी. ते खोटं बोलले नाहीत ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, पण त्या क्षणी मला ते खोटं बोलायला हवे होते.

पीठ

घरी आल्यावर मंगल माझ्याजवळ येईना. लांबून हाताकडे बघायची. आईने तिला दटावलं, मी दटावू नको म्हणालो. मी स्वतःही तो हात उपरण्याखाली ठेवायचो. नव्या कातडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात ती कोरडी पडून तडकायची, खाजवावं वाटायचं आणि खाजवलं तरी बरं वाटायचं नाही. रोज सकाळी आई खोबरेल तेल चोळायला बसायची. चोळताना तिचा अंगठा प्रत्येक गाठीवर थांबायचा.

बोटं आखडू नयेत म्हणून सुमनने मला कणीक मळायला बसवलं. पेठेतल्या बायका दारातून वाकून बघायच्या. आईला ते खपेना. एक दिवस म्हणाली, गडीमाणसाला परातीपुढं बसवतीस व्हय? सुमनने पहिल्यांदाच तिला उत्तर दिलं. "आत्ती, हात तुमच्या लेकराचा हाय, पर त्याची बायको मीच हाय. मळू द्या." दुसऱ्या दिवशी परातीत आईनेच पाणी घातलं. त्या दोघींमध्ये समेट म्हणावा असा एवढाच झाला. मामा वर्षभराने एकदा आले, बाहेर कट्ट्यावर बसले, आईने चहा बाहेर पाठवला. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी माझा हात बघितला नाही आणि मी दाखवला नाही. पावसाबद्दल बोललो. पुढच्या हंगामाला पहिल्या काहिलीचं बोलावणं आलं नाही. 

कामावर गेलो तेव्हा अण्णांनी माझी जुनी जागा पुसून ठेवली होती. स्टिक डाव्या हातात घेतली, उजव्याने पहिला खिळा उचलला. उचलला गेला. पण खाच कुठे आहे ते कळेना. बघून लावायचा, मग मजकूर बघायचा, मग पुन्हा खिळा. दुपारपर्यंत चार ओळी झाल्या आणि त्यात सात अक्षरं उलटी. मधेच खिळे बोटांतून निसटून खाली सांडायचे ते आवाजाने कळायचं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी प्रुफांचे गठ्ठे माझ्यापुढे ठेवले. आजही तेच करतो. डाव्या हाताने खुणा करतो, अक्षर आता बऱ्यापैकी आहे. दुसऱ्याने जुळवलेल्या चुका शोधणं हे काम वाईट नाही. पण खिळ्यांच्या खणांपुढून जाताना मी अजून मान वळवतो.

मिरजकर तिकटी

मंगल शाळेत जायला लागली. तिला सोडायचं काम माझ्याकडे आलं. भीती कधीच गेली होती तिची. डाव्या हातात तिचं दप्तर आणि माझा डबा असायचा, तो हात कामाचा. उजवा तिला धरायला.

त्या दिवशी मिरजकर तिकटीपाशी गर्दी होती. मी तिला घेऊन रस्ता ओलांडला आणि पलीकडे पोचल्यावर शाळेतल्या बाईंबद्दल काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून खाली बघितलं. हाताला कुणी नव्हतं. ती रस्त्याच्या अलीकडच्या बाजूलाच, बांगड्यांच्या दुकानासमोर उभी होती, आणि आमच्यामधून एक ट्रक जात होता. ट्रक गेला. ती तिथेच होती. मी कसा परत अलीकडे आलो ते आठवत नाही. तिच्यापुढे गुडघ्यावर बसलो. ती रडत नव्हती, उलट तिलाच नवल वाटलं होतं.

"बाबा, मी हात कवाच सोडलता. तुमाला कळलं न्हाय?"

मी नाही म्हणालो. तोपर्यंत घरात मी हे कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. सुमन विचारायची, आता जरा कळतंय का, आणि मी थोडं थोडं म्हणायचो. मंगलला मी खरं सांगितलं. ह्या हाताला कुणी धरलं तरी कळत नाही, आणि सोडलं तरी कळत नाही. तिने तो हात उचलून दोन्ही बाजूंनी बघितला. थोडा विचार केला. मग तीन बोटं मुठीत घट्ट धरली आणि आम्ही पुन्हा रस्ता ओलांडला.

"धरलाय," ती म्हणाली.

चार पावलं गेल्यावर पुन्हा म्हणाली, धरलाय. लोक बघत होते. मी दर वेळी हो म्हणत होतो. शाळेच्या फाटकापर्यंत तसंच चाललं. फाटकाशी ती थांबली, वर बघितलं आणि म्हणाली,

"आता सोडलाय, बाबा."

मग दप्तर घेऊन आत पळाली.